काळ्या पिशवीच्या आधी

आरेत किंवा बोरिवलीत कुठल्याही रोपवाटिकेत डोकावले, की काळ्या पिशव्यांच्या रांगा दिसतात. रोपे जणू पिशवीसकटच जन्माला येतात! पण मुंबईच्या उपनगरांना या पिशवीची सवय तशी अलीकडची. तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी जुलै १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला आणि ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी रोप लावून आरे दुग्धवसाहतीचे उद्घाटन केले, तेव्हा ही पिशवी ज्याची बनते ते पॉलिथिन देशात तयारच होत नव्हते. ते दशक संपता संपता देशी उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या दशकात घाटकोपरपासून फार लांब नसलेल्या तुर्भ्यात (ट्रॉम्बे) युनियन कार्बाइडचा पॉलिथिनचा कारखाना उभा राहिला.

तोवर माळ्याची भिस्त मातीच्या कुंडीवर आणि बांबूच्या टोपलीवर होती. टोपलीची सोय मोठी. रोपासकट ती खड्ड्यात ठेवायची. उरलेले काम वाळवी आणि पाऊस करत.

वनखात्याने तर सागासाठी भांडेच रद्द केले होते. गादीवाफ्यावर वर्षभर वाढवलेले रोप उपटायचे, खोड बोटभरही न ठेवता छाटायचे, सोटमूळ वीतभर राखायचे. हा ‘स्टंप’. पहिल्या पावसात पहारीने भोक पाडून तो त्यात बसवला, की काम झाले. एका गोणीत असे शेकडो स्टंप मावतात. मातीचा भार वाहायचा प्रश्नच नाही. विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतच्या खाडीकाठी खारफुटीतला कांदळ याच्याही पुढे गेलेला. त्याचे बी झाडावरच रुजते आणि शेंगेसारखे लोंबणारे ते रोप थेट चिखलात खोचता येते.

सगळ्याच झाडांना हे जमत नाही. त्यामुळे १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग आला, तेव्हा लाखोंनी रोपे वाढवायला आणि ट्रकमधून हलवायला हलकी, स्वस्त पिशवी सोयीची ठरली. तिचा दोष आतल्या आत वाढतो. गुळगुळीत भिंतीला अडून मुळे वेटोळी घालतात आणि घाईत पिशवी न फाडताच रोप लावले, तर झाड कायमचे कमकुवत राहते.

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर गटारे तुंबवणाऱ्या सगळ्याच प्लास्टिकच्या पिशव्यांवर रोष आला. २००६ मध्ये त्यांच्यासाठी राज्याचे नियम आले. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत रोपवाटिकांसाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सूट मिळाली, मात्र कशासाठी वापरायची ते पिशवीवर छापण्याची अट घालून.

काळ्या पिशवीला पर्याय शोधताना खरी अडचण मुंबईच्या पावसाची आहे. भांडे रोपवाटिकेत एक पावसाळा टिकायला हवे आणि खड्ड्यात गेल्यावर लवकर कुजायलाही हवे. शेणाची कुंडी आरेच्या तबेल्यांशेजारी सहज बनेल, पण उघड्यावर ठेवली तर जूनच्या सरींत ती विरघळू लागते. काथ्याची कुंडी जास्त तग धरते, मुळेही तिच्या भिंतीतून आरपार जातात. कंपोस्ट होणाऱ्या बहुतेक प्लास्टिकला मात्र साठेक अंश उष्णतेचा ढीग लागतो, आणि बोरिवलीतल्या खड्ड्यातली माती काही एवढी तापत नाही.