संक्रांतीचे सुगड : कुंडल परिसरातील एका भेटीचा इतिहास

मकर संक्रांतीला सुवासिनींनी एकमेकींना द्यायचे सुगड, म्हणजे शिवारातल्या नव्या मालाने भरलेले लहान मातीचे मडके, ही सातारा-सांगलीकडची पूर्वापार घरगुती भेट होय. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, उसाची कांडकी, गाजर, बोरे, शेंगा आणि तिळगूळ त्यात घालून, बाहेरून हळदीकुंकवाची बोटे ओढून व गळ्याला सूत गुंडाळून ते पुजले जाते आणि मग देवळात किंवा शेजारणीच्या घरी त्याची देवघेव होते. या देवघेवीला ववसा म्हणतात. दोघींच्या सुगडांत माल बहुधा सारखाच असल्याने नफातोटा पाहणाऱ्याला हा व्यवहार निरर्थक वाटेल, पण घराघरांतले येणेजाणे त्यावरच टिकून असे.

प्रथा अचल मानली जात असली तरी तिच्यातले बरेच काही बदलत आले आहे. सुगडे पुरवणारा कुंभार हा बलुतेदार, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल सुगीत धान्याचा वाटा घेणारा कारागीर होता. आज ती बाजारात रोखीने मिळतात. मोटेच्या पाण्यावर ऊस मोजक्या मळ्यांतच होई, तर आता सांगली जिल्ह्यातील खुद्द कुंडलमध्ये स्वातंत्र्यसैनिक क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा साखर कारखाना आहे. भुईमूग तर मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि तरीही त्याच्या शेंगांवाचून सुगड अपुरे वाटते! संक्रांतीची तारीखसुद्धा स्थिर नाही: सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशावरून ठरणारा हा सण सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकतो, म्हणूनच स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला त्या 1863 सालच्या 12 जानेवारीला संक्रांत होती.

सगळ्यात चिवट ठरला तो हे सुगड कोणी द्यावे याविषयीचा नियम: विधवेला या देवघेवीत स्थान नव्हते. वास्तविक सुधारणेचे वारे या परिसराला अपरिचित नव्हते. कुंडललगत, औंध संस्थानच्या माळरानावर 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून 1930 पासून ‘स्त्री’ मासिक निघू लागले, आणि 1943 ते 1946 या काळात कुंडल हे प्रतिसरकारचे, म्हणजे ब्रिटिश सत्तेला समांतर चाललेल्या लोकांच्या कारभाराचे, प्रमुख केंद्र होते. त्या चळवळीने हुंडा व डामडौल टाळणारे ‘गांधी विवाह’ लावले. लग्नाचा खर्च कमी करणे त्या मानाने सोपे गेले असावे, कारण त्यात घराचा फायदाच होता. हळदीकुंकवाच्या ताटाशी मात्र शकुन-अपशकुनाची भीती जोडलेली होती. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे व मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो मे 2022 मध्ये, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे, असे परिपत्रक काढले.