जोडठोकळे, खेळातील

एकमेकांवर दाबून घट्ट बसविता येणाऱ्या आणि पुन्हा सहज सुट्या करता येणाऱ्या लहान ठोकळ्यांना ही संज्ञा देतात. घरे, पूल, वाहने इत्यादींच्या प्रतिकृती त्यांपासून रचता येतात. त्यांपैकी डेन्मार्कमधील ‘लेगो’ ठोकळे जगभर सर्वाधिक प्रसिद्ध असून या खेळण्याच्या घटकांत व रंगांत झालेल्या बदलांचा इतिहास मुख्यतः त्यांच्याच आधारे मांडता येतो.

जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी बालोद्यान पद्धतीत लाकडी ठोकळ्यांना महत्त्वाचे स्थान दिले; परंतु ते केवळ स्वतःच्या वजनावर एकावर एक उभे राहत आणि त्यांना रंग नसे. पुढे उड्डाणाच्या प्रयोगांमुळे ख्याती पावलेले ओटो लिलिएनताल व त्यांचे बंधू गुस्टाफ यांनी वाळू, खडू व जवसाचे तेल यांच्या मिश्रणापासून दगडासारखे ठोकळे बनविले. १८८० च्या सुमारास त्यांचे हक्क रिक्टर या उद्योजकाने घेतले व ‘अँकर’ या नावाने ते ठोकळे लोकप्रिय केले. त्यांतील तांबडा रंग विटेचा, पिवळसर रंग दगडाचा व निळा रंग छपराच्या पाटीच्या दगडाचा निदर्शक होता. रंग ही केवळ शोभा नसून बांधकामद्रव्याची खूण आहे, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. एकमेकांत अडकणाऱ्या रबरी विटा १९३० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये विकल्या जाऊ लागल्या.

प्लॅस्टिकच्या जोडठोकळ्याचे जनकत्व लेगोला देण्याची प्रथा आहे. तथापि ती पूर्णतः न्याय्य नाही. वर खुंट्या व खालून पोकळ असलेला ठोकळा इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांनी प्रथम तयार केला आणि १९४७ मध्ये ‘किडीक्राफ्ट’ या नावाने बाजारात आणला. बिलुंद या खेड्यातील सुतार ओले कर्क क्रिस्टियान्सेन यांनी १९३२ पासून लाकडी खेळणी करण्यास प्रारंभ केला होता. ‘चांगले खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्यांनी आपल्या उद्योगास ‘लेगो’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी प्लॅस्टिकचे अंतःक्षेपण करणारे यंत्र विकत घेतले. पेज यांच्या ठोकळ्यांचे नमुने याच सुमारास त्यांच्या हाती आले. कोपरे अधिक काटकोनी करून, खुंट्यांचे माथे सपाट करून आणि इंचातील मापे मिलिमीटरमध्ये बदलून त्यांनी १९४९ मध्ये आपले ठोकळे विक्रीस आणले. पेज १९५७ मध्ये निवर्तले. किडीक्राफ्टच्या ठोकळ्यांचे हक्क लेगोने विकत घेतले ते १९८१ मध्ये, म्हणजे मूळ निर्मात्याच्या मृत्यूनंतर सु. पाव शतकाने.

सुरुवातीच्या ठोकळ्यांच्या बाजूंना उभ्या खाचा असत व त्यांत दारे-खिडक्या बसवीत. आतून ते पूर्ण पोकळ असल्याने पकड मात्र सैल होती. उंच रचना हलविताच ढासळे. ओले कर्क यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी एकस्वासाठी अर्ज केला. त्यातील रचनेत ठोकळ्याच्या पोकळीत नलिका बसविलेल्या होत्या. खालच्या ठोकळ्याची खुंटी नलिका व भिंत यांच्यामध्ये दाबली जाते आणि अनेक बिंदूंवरील घर्षणामुळे जोड टिकून राहतो. या एका सुधारणेने खेळण्याचे स्वरूपच पालटले. दोन शेजारच्या खुंट्यांमधील अंतर ८ मिमी., ठोकळ्याची उंची ९·६ मिमी. व पातळ पट्टीची उंची तिच्या एक-तृतीयांश म्हणजे ३·२ मिमी., ही मापे पुढे कायम राहिली. त्यामुळे १९५८ नंतरच्या नलिकायुक्त ठोकळ्यांची जोडणी आजच्या ठोकळ्यांशी होऊ शकते. आकाराविषयीचे हे कठोर बंधन पाळल्यामुळेच घटकांची संख्या वाढूनही जुना संच निरुपयोगी ठरला नाही. केवळ सहा ठोकळे, प्रत्येकी आठ खुंट्यांचे, एकाच रंगाचे असले तरी ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात.

द्रव्यातील बदलही तितकाच निर्णायक ठरला. पहिले ठोकळे सेल्युलोज ॲसिटेटचे होते. हे प्लॅस्टिक कालांतराने वाकते व आक्रसते; म्हणून त्या काळचे ठोकळे आज बहुधा वेडेवाकडे आढळतात. १९६३ पासून त्याऐवजी ॲक्रिलोनायट्राइल-ब्युटाडाइन-स्टायरीन हे कठीण व चकाकदार बहुवारिक वापरले जाऊ लागले. त्याची मापे स्थिर राहतात, तसेच रंग अधिक उठावदार दिसतो. मात्र त्यातील ब्युटाडाइनयुक्त भागाचे ऑक्सिडीकरण होऊन, विशेषतः उन्हात, पांढरे व करडे ठोकळे पिवळट पडतात.

नवे घटक गरजेनुसार येत गेले. छपरासाठी उतरते ठोकळे १९५८ मध्ये आले, चाके १९६२ मध्ये आली आणि १९६९ मध्ये लहान बालकांसाठी दुप्पट मापाचे ‘डुप्लो’ ठोकळे निघाले. १९७७ पासून छिद्रयुक्त तुळया, आस व दंतचक्रे यांचा स्वतंत्र तांत्रिक संच मिळू लागला व रचना ‘उभारण्या’बरोबरच ‘चालविण्या’चा खेळ सुरू झाला. हातपाय हलविता येणारी मानवाकृती १९७८ ची. तिचा चेहरा पिवळा ठेवण्यात आला, कारण तो कोणत्याच वंशाचा निदर्शक ठरू नये अशी इच्छा होती. प्रत्यक्ष व्यक्तींच्या प्रतिकृती करण्याची वेळ आली, तेव्हा हे तटस्थतेचे धोरण अपुरे पडले आणि २००३ मध्ये बास्केटबॉलपटूंच्या आकृतींना नैसर्गिक त्वचावर्ण देण्यात आले.

रंग : प्रारंभीच्या दशकांत तांबडा, पिवळा, निळा, पांढरा व काळा यांचेच प्राबल्य होते, हिरवा मुख्यतः झाडे व तळपट यांपुरता असे. मुलांनी रणगाडे बांधू नयेत म्हणून हिरव्या व करड्या ठोकळ्यांचा पुरवठा हेतुतः आखडता ठेवला होता, असे सांगितले जाते. १९७८ मधील पहिला मोठा किल्ला पिवळ्याधमक भिंतींचा होता. अवकाशयानांच्या संचांत करडा रंग तेव्हाच रुळत असला, तरी करड्या दगडी भिंतींचा किल्ला १९८४ मध्ये आला. त्यानंतर निर्बंध सैल झाले. १९९० च्या दशकात चमकदार पारदर्शक छटा आणि गुलाबी रंग प्रचलित झाले. १९९९ पासून चित्रपटांवर आधारित संच निघू लागल्यावर मूळ वस्तूंशी मिळत्याजुळत्या छटांची मागणी वाढली. जुन्या तांबड्या व पिवळ्या ठोकळ्यांतील कॅडमियमयुक्त रंगद्रव्ये विषारी असल्याने पुढे वगळण्यात आली.

विस्ताराची ही परिणती उद्योगास जवळजवळ घातक ठरली. २००३ मध्ये प्रचंड तोटा झाला, तेव्हा वेगवेगळ्या घटकांची संख्या सु. १२,००० च्या पुढे गेली होती. प्रत्येक नव्या घटकास महागडा साचा व प्रत्येक छटेस वेगळा साठा लागतो, ही साधी गोष्ट नजरेआड झाली होती. २००४ पासून घटकांची संख्या सु. ७,००० पर्यंत खाली आणून पॅलेटही छाटण्यात आले. याच वर्षी जुने दोन्ही करडे व तपकिरी रंग बदलून निळसर झाकेचे करडे आणि लालसर तपकिरी रंग योजण्यात आले. प्रौढ संग्राहकांना हा निर्णय रुचला नाही व त्यांचा आक्षेप रास्तच होता : माप जुळत असले, तरी जुन्या भिंतीत नवा ठोकळा बसविताच ती ठिगळ लावल्यासारखी दिसे.

मूळ एकस्वांची मुदत संपल्यावर इतर उत्पादकांनी त्याच मापाचे ठोकळे काढले. ठोकळ्याचा आकार हे व्यापारचिन्ह मानावे हा लेगोचा दावा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये व यूरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये अमान्य केला. तांत्रिक कार्य साधणारा आकार अशा मार्गाने कायमचा राखून ठेवता येत नाही, असे त्यांचे मत पडले. खनिज तेलावरील अवलंबन घटविण्यासाठी २०१८ मध्ये पाने, झुडपे इ. लवचिक घटक उसापासून मिळविलेल्या पॉलिएथिलिनाचे करण्यास सुरुवात झाली. टाकाऊ बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून ठोकळे बनविण्याचा २०२१ मध्ये जाहीर केलेला प्रयत्न २०२३ मध्ये सोडून देण्यात आला, कारण त्या प्रक्रियेत कार्बनाचे उत्सर्जन घटण्याऐवजी वाढणार होते.