वांग्याच्या आकाराची मूस



आपल्या प्रत्येकीच्या घरात एखादं तरी पितळेचं भांडं असतं. कुणाकडे आजेसासूबाईंचा हंडा, कुणाकडे देवापुढची समई. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. तांबं सगळ्यांच्या ओळखीचं. पण हे जस्त कुठून येतं? आज त्यासाठी आपण राजस्थानात जाऊ या.

उदयपूरच्या दक्षिणेला साधारण ४० किलोमीटरवर अरवलीच्या डोंगरात जावर नावाचं गाव आहे. इथल्या जुन्या खाणींत सापडलेली लाकडं तपासली, तेव्हा ती दोन हजार वर्षांहून जुनी निघाली. म्हणजे इतक्या पूर्वीपासून इथे माणसं डोंगराच्या पोटात उतरत होती.

तिथल्या खडकात मुख्य दोन खनिजं मिळतात. एक गॅलेना. ते करडं, चकचकीत, हातात घेतलं तर जड लागतं आणि फोडलं तर चौकोनी तुकडे पडतात. त्यातून शिसं निघतं आणि थोडी चांदीही. दुसरं स्फॅलराइट. ते मधासारखं पिवळसर किंवा तपकिरी असतं. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘फसवं’ असा आहे, कारण ते गॅलेनासारखं दिसतं, पण त्यातून शिसं निघत नाही. जस्त मिळतं ते या फसव्या दगडातून. सोबत पिवळं चमकणारं पायराइटही असतं. ते सोन्यासारखं दिसतं, पण सोनं नव्हे.

जस्त काढणं फार अवघड. ९०७ अंश तापमानाला त्याची वाफ होते, आणि त्या वाफेला हवा लागली की ती जळून पांढरी भुकटी उरते. म्हणजे उघड्या भट्टीत कितीही जाळ घाला, हाती धातू येतच नाही.

जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली. दगड कुटायचा, आधी भाजून त्यातला गंधक घालवायचा. मग त्यात कोळसा वगैरे मिसळून लहान गोळ्या वळायच्या. त्या मातीच्या लांबट मुशीत भरायच्या. मूस दिसायला हुबेहूब वांग्यासारखी. तिच्या तोंडाला मातीची नळी बसवायची आणि आत एक काडी खोचायची. मग मूस भट्टीत उलटी ठेवायची. काडीमुळे गोळ्या खाली पडत नाहीत. पुढे काडी जळून जाते आणि वाफेला वाट मिळते. वर जाळ, खाली गारवा. वाफ नळीतून खाली उतरते, थिजते आणि खालच्या भांड्यात जस्त ठिबकतं. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या संस्कृत ग्रंथातही वांग्यासारखी मूस आणि धोतऱ्याच्या फुलासारखी नळी सांगितली आहे.

एका भट्टीत अशा ३६ मुशी असत. उत्खननात एका ओळीत सात भट्ट्या सापडल्या. म्हणजे एका वेळी २५२ मुशी! आणि मूस एकदाच वापरता येई. वापरलेल्या मुशींचे आजही तिथे ढीगच्या ढीग आहेत. लोकांनी त्या रचून घरांच्या भिंतीसुद्धा उभारल्या. इंग्लंडमध्ये विल्यम चॅम्पियननं जस्त काढण्याचं पेटंट घेतलं ते १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

पुढे मराठा फौजा आणि पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्यांनी मेवाड खिळखिळं झालं. १८१२-१३ चा दुष्काळ पडला आणि भट्ट्या विझल्या. १९८० च्या दशकात बडोद्याचं विद्यापीठ, लंडनचं ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संशोधकांनी मिळून हे सगळं उजेडात आणलं.

आता मला सांगायचं आहे ते असं. जावरच्या इतिहासात महाराणा लाखाचं नाव येतं. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई हिनं तिथे देऊळ बांधलं, तिचंही नाव कोरलेलं आहे. पण माती मळणाऱ्या, गोळ्या वळणाऱ्या, जाळ राखणाऱ्या हातांचं नाव कुठेच नाही. शिशाचा धूर आणि धूळ अंगात साचते, पोटातल्या बाळालाही ती बाधते. तो त्रास त्या वस्तीनं सोसला असणार, पण त्याचीही नोंद नाही. त्यांची आठवण राहिली ती फक्त फुटक्या मुशींमध्ये. त्या कुणी टाकाऊ म्हणून भराव्यात घातल्या असत्या, तर या विद्येचा मोठा पुरावा हरवला असता.

मैत्रिणींनो, आपल्याही गावाला पांढर असते. घर सारवायला, शेतात टाकायला तिथली माती आपण आणतो. पुढच्या वेळी त्यात जुनी खापरं, जळका दगड, काळी मळी दिसली तर जरा थांबा. जागा उकरू नका, ग्रामपंचायतीला कळवा, बचतगटाच्या बैठकीत विषय काढा. ज्यांची नावं कागदावर आली नाहीत, त्यांचा इतिहास बहुतेक वेळा अशा खापरांतच असतो. त्यात आपल्या पणज्यांचाही असेल.