सव्वासहा सेंटचे टपाल

1844 साली बॉस्टनहून न्यू यॉर्कला एका कागदाचे पत्र धाडायचे, तर अमेरिकेचे टपालखाते पावणेएकोणीस सेंट आकारत असे. मजुराला दिवसभर राबून मिळे साधारण एक डॉलर. दर ठरे अंतरावर आणि कागदांवर. एकाचे दोन कागद झाले की आकार दुप्पट, आणि 400 मैलांपलीकडे एकाच कागदाला पंचवीस सेंट. पैसे बहुतेकदा पत्र घेणाराच भरी. पोटासाठी दूर गेलेल्या मुलाची खुशाली सोडवून घेणे गरीब घराला जड जाई. ब्रिटनमध्ये मात्र रोलंड हिल यांच्या योजनेनुसार 1840 पासून देशभर एका पेनीत पत्र जाऊ लागले होते.

1844 च्याच जानेवारीत लायसँडर स्पूनर या वकिलाने टपालखात्याशी उघड स्पर्धा मांडली. मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅथॉल गावचे हे शेतकऱ्याचे पोर. अन्यायी नियमाला भिडण्याची त्यांची ही पहिली वेळ नव्हती. त्या राज्यात पदवीधराला तीन वर्षांच्या उमेदवारीनंतर वकिली करता येई, पदवी नसलेल्याला पाच वर्षे थांबावे लागे. पदवी नसतानाही स्पूनर यांनी तीन वर्षांनीच वूस्टरमध्ये पाटी लावली आणि हा नियम गरिबांचीच वाट अडवतो, असे विधिमंडळाला ठणकावले. 1836 मध्ये नियम रद्द झाला.

त्यांच्या ‘अमेरिकन लेटर मेल कंपनी’च्या कचेऱ्या बॉस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरला होत्या. तिकीट सव्वासहा सेंटला, एकदम घेतल्यास डॉलरला वीस. सरकारने देशभरासाठी टपाल तिकिटे काढली ती 1847 मध्ये, म्हणजे तीन वर्षांनंतर. कंपनीची माणसे पत्रांच्या थैल्या घेऊन आगगाडीने आणि आगबोटीने प्रवास करत.

यात चोरीछुपे काही नव्हते. स्पूनर यांनी पोस्टमास्टर जनरल चार्ल्स विकलिफ यांना पत्र लिहून आपला बेत कळवला आणि कायद्याची बाजू एका पुस्तिकेत छापली. राज्यांच्या जुन्या संघाच्या करारनाम्यात टपालाचा ‘एकमेव आणि अनन्य’ हक्क केंद्राला होता. 1787 च्या राज्यघटनेत ते शब्द नाहीत. तिथे काँग्रेसला, म्हणजे केंद्रीय विधिमंडळाला, टपालकचेऱ्या आणि टपालरस्ते स्थापण्याचा अधिकार आहे, इतकेच. स्वतःचे दुकान काढायची मुभा मिळाली म्हणून शेजाऱ्याच्या दुकानाला टाळे ठोकता येत नाही, असा हा बिनतोड मुद्दा होता.

सरकारने उत्तर दिले ते अटकांनी आणि खटल्यांनी. पत्रे वाहू देणाऱ्या रेल्वे कंपन्यांवर दबाव आला. मग 3 मार्च 1845 रोजी काँग्रेसने एकाच कायद्यात दोन गोष्टी केल्या: खासगी टपालावरची बंदी आवळली आणि अर्ध्या औंसाच्या पत्राचा दर 300 मैलांपर्यंत पाच सेंटवर आणला. कंपनी बुडाली. 1851 मध्ये आगाऊ पैसे भरलेले पत्र तीन सेंटमध्ये 3000 मैलांपर्यंत जाऊ लागले. ही स्वस्ताई सरकारला एकाएकी सुचलेली नव्हती. स्पूनर आणि त्यांच्यासारख्या इतर खासगी टपालवाल्यांनी ती ओढून आणली होती.

टपालखात्याची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पत्रांच्या कमाईवर तोट्यातले आडवळणाचे मार्ग चालत आणि वृत्तपत्रे दूरवर दीड सेंटमध्ये पोहोचत. खासगी मंडळींनी मात्र नफ्याचे शहरी मार्ग उचलले. पण त्याच पैशांतून काँग्रेस सदस्यांची पत्रे फुकट जात, आणि या सगळ्याचा भार साध्या पत्रलेखकावर पडे.

मक्तेदारीचा धोका पैशांपुरताच नव्हता. 1835 च्या जुलैत दक्षिणेतल्या चार्ल्सटन शहरातल्या जमावाने टपालकचेरी फोडून गुलामगिरीविरोधी पत्रके जाळली. पुढे अशी पत्रके अडवणाऱ्या दक्षिणेतल्या पोस्टमास्तरांकडे पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडॉल यांनी काणाडोळा केला. विचार पोहोचवायचा रस्ता एकाच्याच हाती असला की काय घडते, ते तिथे दिसले.

कंपनी गेली त्याच 1845 साली स्पूनर यांनी गुलामगिरी घटनाबाह्य ठरवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पद्धत तीच: घटनेच्या अक्षरांत जे लिहिलेले नाही ते सत्तेला मिळू द्यायचे नाही. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस आधी घटनेला गुलामगिरीचा पाठीराखा मानत. 1851 मध्ये त्यांनी मत बदलले, त्यामागे स्पूनर यांचेही लेखन होते.

पुढे बेंजामिन टकर यांच्या ‘लिबर्टी’ नियतकालिकाने आणि विसाव्या शतकात मरे रॉथबार्ड यांनी स्पूनर यांना स्वातंत्र्यवादी परंपरेत मानाचे स्थान दिले. 2008 मध्ये बंदूक बाळगण्याच्या हक्कावरील हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताच्या निकालपत्रात न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी स्पूनर यांच्या 1845 च्या ग्रंथाचा दाखला दिला. साध्या पत्रांवरची सरकारी मक्तेदारी मात्र अमेरिकेत आजही कायम आहे. 1979 मध्ये तातडीच्या पत्रांना तिच्यातून सूट मिळाली, आणि एका रात्रीत कागदपत्रे पोहोचवणाऱ्या खासगी कंपन्यांचा धंदा या सवलतीच्या आधारे फोफावला.