अभिनयतंत्र आणि वकिली संवाद

सत्र न्यायालयात उलटतपासणी किंवा युक्तिवाद करताना वकिलाने नटाकडून घ्यावयाची आवाज, विराम, देहबोली व श्रवण यांची शिस्त. नाट्यशास्त्रकार भरताच्या चतुर्विध अभिनयापैकी आहार्य, म्हणजे वेशभूषा, येथे वकिली गणवेशाने आधीच ठरलेले असते. कस लागतो तो वाचिकाचा, म्हणजे बोलण्याचा. मात्र यावर एक आक्षेप घेतला जातो. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खून खटल्यात ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवून आरोपीला दोषी ठरवले. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. मग भावनेला हात घालणारे वक्तृत्व कोणासाठी, हा आक्षेप रास्त आहे. पण तो नाटकीपणाला लागू पडतो, अभिनयाला नव्हे.

आपल्याकडे साक्ष न्यायाधीशांच्या देखरेखीखाली नोंदवली जाते. प्रश्न छोटा, स्पष्ट आणि योग्य विरामाने आला, तर उत्तरही नेमके नोंदले जाते. घाईत विचारलेला प्रश्न कागदावर विस्कटतो. अपिलात साक्ष सहसा कागदावरच वाचली जाते, हे खरे. म्हणूनच ती नीट उतरवून घेण्याचे कसब मोलाचे. शिवाय कायद्यानुसार साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीशांनी महत्त्वाचे वाटेल ते टिपायचे असते. पाठ केलेल्या प्रश्नावलीत डोके खुपसलेल्या वकिलाला साक्षीदाराची चलबिचल दिसणारच नाही. सहनटाचे वाक्य खरोखर ऐकून प्रतिसाद देण्याची, रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्की यांनी सांगितलेली सवय इथे उपयोगी पडते. यात फसवणूक नाही; खोटा पुरावा उत्तम आवाजातही खोटाच राहतो.