मदात्यय आणि वनौषधी : अभ्यासात शिरण्यापूर्वी

मदात्यय म्हणजे अति मद्यपानाने होणारा विकार. या विषयाकडे बहुतेक जण जडीबुटीच्या दाराने येतात. या, पण आधी दारू थांबल्यावर शरीरात काय होते ते पाहू. रोजच्या पिण्याने मेंदूची शांतवणारी ‘गाबा’ यंत्रणा मंदावते आणि उत्तेजित करणारी ग्लुटामेटची जोर धरते. दारू अचानक तुटली की त्या जोराला लगाम उरत नाही. काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास आणि भ्रमाचा जीवघेणा झटका येतो. तेव्हा रुग्णालय, डायझेपामसारखी औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व हवे. तिथे काढ्याचे काम नाही.

वनौषधींचे काम त्यानंतरचे, आणि तिथे वाचण्यासारखे पुष्कळ आहे. चरकाच्या चिकित्सास्थानाचा २४वा अध्याय मदात्ययावरच आहे. त्यातले ‘ध्वंसक’ आणि ‘विक्षय’ हल्ली सर्रास विथड्रॉवल म्हणून खपवले जातात. मूळ वर्णन मात्र पिणे थांबवलेला माणूस एकदम पुन्हा भरमसाट पितो तेव्हाचे आहे. सोडण्याची रीत चरकाच्याच सूत्रस्थानात सापडते: अंगवळणी पडलेली अहितकर सवय पावापावाने कमी करावी. औषधाचा डोस रोज थोडा उतरवणाऱ्या डॉक्टरला हे ओळखीचे वाटेल.

खजूर, मनुका, आमसूल, डाळिंब, आवळा यांचा खर्जूरादि मंथ मला या परंपरेतला सर्वांत समंजस योग वाटतो. सुकलेल्या, अन्न तुटलेल्या माणसाला तो निदान पाणी आणि साखर देतो. जटामांसी, तगर झोपेसाठी वापरतात. पुरावा तुटपुंजा आहे, आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर त्या घेतल्यास गुंगी वाढू शकते. चीनमधल्या कुडझूच्या मुळातील द्रव्याने हॅमस्टरांचे मद्यपान घटल्याचे हार्वर्डच्या संशोधकांनी १९९३ मध्ये दाखवले. पण तो प्रश्न पिण्याच्या ओढीचा, थरथरीचा नव्हे.

आसव-अरिष्टांत आंबवण्यातून आलेले मद्य असते. मदात्ययावर सांगितलेले श्रीखंडासवही त्यातलेच. दारू सोडणाऱ्याला ‘ताकदीसाठी’ अश्वगंधारिष्ट देणाऱ्यांनी बाटलीवरचे लेबल वाचावे. नवऱ्याच्या चहात गुपचूप कालवायच्या पावडरींना या अभ्यासात जागा नाही. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारूशी न पटणारे औषध असेल आणि तो त्यावर प्यायला, तर त्याचा रक्तदाब कोसळू शकतो. आणि तपासणाऱ्या डॉक्टरला पुडीचा पत्ताच नसतो.