शिस्त धरणे : पिस्तुलाच्या माशीची गोष्ट

धामापूरच्या तळ्याकाठी बसून पिस्तुलाच्या माशीवर बोलायचं, हे ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. हे तळं १५३० सालचं, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलेलं, भातशेतीला आणि माडा-पोफळींना पाणी मिळावं म्हणून. पण ज्या शेतांसाठी पाणी अडवलं, त्याच शेतांच्या राखणीसाठी पुढे या भागात बंदूक आली. आजही सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाचा परवाना हा ओळखीचा कागद आहे, आणि निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, हेही सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा विषय परका नाही.

सुरुवात एका शब्दापासून करू. ‘शिस्त’ म्हटलं की आपल्याला शाळेची रांग आठवते. पण हा शब्द फारसीकडून आला तो नेमाचा अर्थ घेऊन. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात ‘शिस्त’ म्हणजे बंदुकीचा नेम, हा अर्थ दिलेला आहे. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. हिंदीत ‘शिस्त लेना’ अजूनही त्याच अर्थानं चालतं. मराठीत मात्र नेम मागे पडला आणि व्यवस्था तेवढी उरली. पण हे दोन अर्थ एकमेकांपासून फार लांब नाहीत, असं आम्हाला वाटतं. का, ते पुढे येईल.

आता वस्तूकडे वळू. तोड्याच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी एक बारीक उंचवटा असे, त्याला आपल्या लोकांनी ‘माशी’ म्हटलं. नळीवर माशी बसावी तसा तो दिसतो, इतकं साधं. मागे डोळ्याजवळ एक खाच. खाचेतून माशी बघायची आणि माशी लक्ष्याला टेकवायची. बंदुकीबरोबर पोर्तुगिजांकडून ‘काडतूस’ हा शब्दही आपल्याकडे आला आणि मालवणच्या किनाऱ्यावर घरचाच झाला.

लांब बंदुकीत खाच आणि माशी यांच्यात हातभर अंतर असतं. पिस्तुलात ते वीतभरही नसतं, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते. हिशोब सोपा आहे, शाळेतल्या समरूप त्रिकोणांचा. खाच-माशीतलं अंतर १५० मिलिमीटर धरा. माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जाते. उलट माशी खाचेत बरोबर बसलेली असेल आणि सगळा हातच एक मिलिमीटर सरळ बाजूला सरकला, तर गोळीही तेवढीच, म्हणजे एक मिलिमीटर सरकते. हात थोडा हलला तर चालतं. खाच आणि माशी यांचं नातं बिघडलेलं मात्र चालत नाही.

हे कळायला कारखानदारांना बराच काळ लागला. १८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरमध्ये मागची खाच चक्क घोड्याच्या नाकावर कोरलेली होती, घोडा ओढला की ती समोर यायची. वेबली रिव्हॉल्व्हरमध्ये ती वरच्या कडीतच आहे. १९११ साली अमेरिकी सैन्यानं घेतलेल्या कोल्ट पिस्तुलाची माशी इतकी बारीक होती, की नंतर ती बदलून देणं हाच अनेक कारागिरांचा धंदा झाला. का असं? कारण पिस्तूल खिशातलं, जवळचं हत्यार मानलं जाई. आपल्या इतिहासातलं पिस्तूलही तसंच. १८९७ चं पुणे घ्या नाहीतर १९०९ चं नाशिक. दोन्ही ठिकाणी अंतर हातभराचं होतं, माशीचा प्रश्नच आला नाही.

प्रश्न आला तो नेमबाजीच्या मैदानावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅट्रिज नावाच्या अमेरिकी नेमबाजानं चौकोनी माशी आणि चौकोनी खाच रूढ केली. माशीच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी फट आणि वरच्या कडा एका रेषेत. आज मैदानात जे दिसतं ते मुख्यतः तेच. गोल मण्यापेक्षा चौकोन का बरा? कारण दोन सरळ कडा एका रेषेत आहेत की नाहीत, हे डोळा फार चटकन ओळखतो.

मग माशी बदलायची तर निवड कशी करायची? तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली, उंची. समोरची माशी उंच केली की गोळी खाली लागते, बुटकी केली की वर. मागची खाच मात्र जिकडे गोळी हवी तिकडेच सरकवायची. १५० मिलिमीटरच्या अंतरावर माशी फक्त ०.६ मिलिमीटर उंच झाली, तरी २५ मीटरवर गोळी १० सेंटिमीटर खाली जाते. तेव्हा नवी माशी ‘बसते’ एवढ्यावर घेऊ नये, उंची जुळली पाहिजे. कानपूरला होणारं .३२ रिव्हॉल्व्हर वेबलीच्याच घराण्यातलं. त्यात खाच अंगातच आहे, म्हणजे बदलायला वाव जवळपास नाहीच. आणि हे काम घरच्या कानशीनं करायचं नसतं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्र दुरुस्त करणाऱ्यालाही परवाना लागतो.

दुसरी गोष्ट, डोळा. खाच, माशी आणि लक्ष्य, तीन वस्तू तीन अंतरांवर, आणि डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघू शकतो. म्हणून प्रशिक्षक सांगतात, माशी स्पष्ट बघा, लक्ष्य पुसट दिसलं तरी चालेल. वरचा हिशोब आठवा, म्हणजे कारण कळेल. पण वय झालं की हाताच्या अंतरावरची माशीच पुसट होते. आपण त्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतो ते उगाच नाही. अशा वेळी रुंद खाच आणि उजेड धरणाऱ्या रंगीत धाग्याची माशी उपयोगी पडते. नाहीतर लाल ठिपक्याचा दर्शक. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीनं तो १९७५ मध्ये बाजारात आणला. त्यातला ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो, त्यामुळे डोळ्याला तीनऐवजी एकच जागा सांभाळावी लागते.

तिसरी गोष्ट, काम कोणतं. ऑलिम्पिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात भिंग, ठिपका, लेसर काही चालत नाही, उघडी माशी आणि खाच एवढंच. दोन्हींतलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. संथ फेरीत दहा गुणांचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे माशी मध्यापासून ०.२२ मिलिमीटर, दोन कागदांच्या जाडीएवढी ढळली, की दहा गेले. या एवढ्याशा जागेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये आशियाई स्पर्धेचं सुवर्ण मिळवलं. अंतिम फेरीत थायलंडच्या खेळाडूशी ३४ गुणांवर बरोबरी झाली आणि निकाल जादा फैरींवर लागला. आशियाई नेमबाजीत भारतीय महिलेचं ते पहिलं सुवर्ण. सगळ्यांना एकाच नियमातली माशी. फरक पडला तो बघण्याच्या सरावानं.

आता खरा प्रश्न. रात्री चमकणाऱ्या माशाही मिळतात. काहींत ट्रिटियम वायूची इवली नळी असते. बारा वर्षांच्या आसपास तिचा उजेड निम्म्यावर येतो. आपल्या तरुण मित्रांना तिचं फार आकर्षण असतं, रानडुक्कर रात्रीच येतं ना! पण नीट विचार करा. चमकणारी माशी काय दाखवते? आपलंच हत्यार. समोर कोण आहे, ते ती दाखवत नाही. रानात, काळोखात, जनावर समजून माणसावर गोळी गेल्याच्या बातम्या कोकणातल्या वाचकाला नव्या नाहीत. त्या गोळ्या नेम चुकल्यामुळे लागलेल्या नसतात. नेम अचूक होता, ओळख चुकली होती. अशा ठिकाणी महाग माशीपेक्षा हातातली साधी बॅटरी आणि ‘कोण रे तो?’ ही एक हाक अधिक मोलाची. शिवाय १९७२ चा वन्यजीव कायदा आहेच. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे गव्यावर गोळी झाडायची मुभा नव्हे.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं, तर नेमाला दोन अंगं आहेत. ‘कसं मारायचं’ याचं उत्तर माशी देते. ‘काय आहे, आणि मारायचं का’ याचं उत्तर तिच्यापाशी नाही. मैदानावर दुसरा प्रश्न नियमांनी आधीच सोडवलेला असतो, म्हणून तिथे लक्ष्य पुसट चालतं. मैदानाबाहेर लक्ष्य पुसट असेल, तर बोट चापावर जाताच कामा नये.

आणि इथे तो जुना शब्द पुन्हा भेटतो. नेम धरणं आणि स्वतःला आवरणं, या दोन्हींना आपल्या भाषेनं एकच नाव दिलं, शिस्त. कोशात पहिला अर्थ मागे पडला असेल. पण ज्याच्या हातात परवान्याची बंदूक आहे, त्यानं दोन्ही अर्थ एकत्रच सांभाळायचे असतात. माशी बाजारात बदलून मिळते, हा दुसरा अर्थ मिळत नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.